डाव्या सीटवरचं बटन

हिरा, तुझ्या गाडीला मी विजेचा पंप बसवला. काचेवर पाणी मारायचा. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुला कळण्याआधी मीच सांगितलेलं बरं, म्हणून लिहायला बसलो. तू आहेस तिथे बातम्या कशा पोचतात मला माहीत नाही, पण गोरेगावच्या बाजारातून निघालेली बातमी कुठेही पोचते, हा आपला दोघांचा अनुभव आहे.

आता तू म्हणशील, "तेरवीचं जेवन पचलं नाई अन् यानं माझी गाडी खोलली." बरोबर आहे. खोलली. बॉनेट उघडलं, डॅशबोर्डाखाली उताणा झोपलो. तुझ्या वडिलांनी घेतलेली ती पांढरी अँबॅसिडर, जिला मी तरुणपणी एकदा हात लावला आणि त्यानंतर तू मला पाना घेऊन तिच्या जवळही फिरकू दिलं नाहीस, तिला मी भोकं पाडली. जेवढी पाडायची होती त्याहून जास्तच पाडली. तेही पुढे सांगतो, लपवत नाही. लपवायला तू राहिला नाहीस.

मला रडू आलं नाही, हे पण सांगून टाकतो. घाटावर लोक माझ्याकडे पाहून आपसात म्हणत होते, वामनराव खंबीर आहेत. खंबीर कसला. हातावर डोकं ठेवून झोपलं की हात कसा होतो, असतो आपलाच पण चिमटा काढला तर दुसऱ्याचा वाटतो, तसा मी सगळाच झालो होतो. अजून आहे. सरण पेटत होतं आणि माझ्या डोक्यात एवढंच चाललं होतं की पायाकडची लाकडं ओली दिली आहेत, धूर जास्त होतोय. कुणाला तरी तसं बोललोही. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याला वाटलं असेल, म्हातारं दुःखानं बरळतंय. मी लाकडांबद्दलच बोलत होतो.

तर पंप.

तुला सगळं माहीत आहे, पण तुझ्या नातवंडांपैकी कुणी कधी हे वाचलं तर त्यांना कळायला हवं, म्हणून थोडं मुळापासून सांगतो. त्या गाडीत काचेवर पाणी मारायला मोटर नव्हती. डॅशबोर्डवर एक काळं बटन होतं. ते अंगठ्यानं आत दाबायचं, की बॉनेटखालच्या बाटलीतलं पाणी नळीतून येऊन काचेवर उडायचं. एकदा दाबलं तर चूळ टाकल्यासारखं. काच नीट धुवायची तर दाबत राहावं लागायचं. चारचौघांच्या गाडीत असं बटन चालवणाऱ्याच्या हाताशी असतं. तुझ्या गाडीत ते डाव्या सीटच्या पुढ्यात होतं, आणि त्याला कारण मी.

मूळचं बटन तुटलं तेव्हा मी गोरेगावात मोटर रिवाइंडिंगचं दुकान नुकतंच टाकलं होतं आणि आपल्याला न जमणारं जगात काही आहे हे मला अजून कळलेलं नव्हतं. मी गोंदियाच्या भंगारातून तसलंच बटन आणलं, पांढऱ्या प्लास्टिकची नळी आणली आणि नळी कापली. मोजून कापली असं तुला सांगितलं होतं. डोळ्यानं मोजली होती. बाटली गाडीच्या डाव्या अंगाला, स्टिअरिंग उजव्या अंगाला. नळी मध्यापर्यंतही पोचेना. ओढली तर बाटलीतून निसटून बाहेर आली आणि माझ्या बाहीत पाणी गेलं. मग जिथवर पोचली तिथे भोक पाडून मी बटन बसवून टाकलं, हात पुसले आणि तुला म्हणालो, आता नवीन पद्धत अशीच आहे.

तू हात लांब करून ते बटन दाबून पाहिलंस.

"हे दाबनार कोन?"

"शेजारी बसनारा."

"अन् शेजारी कोनी नसला त?"

"मी आहो ना."

"मंग बस," तू म्हणालास.

आणि मी बसलो. केस पांढरे होईपर्यंत बसलो.

आपल्याकडे काच घाण व्हायला निमित्त लागत नाही. गोंदियाच्या राईस मिलच्या रांगेतून गेलं की कोंडा. धान कापणीला आला की दिवेलागणीला तुडतुडे, ते तर काचेवर आपटून हिरवे होऊन बसतात. मोहफुलांच्या दिवसांत सालेकश्याकडे गेलं की तेंदूपत्त्याच्या ट्रकांची लाल धूळ. कोरड्या काचेवर वायपर फिरवला की काच ओरखडते, म्हणून आधी पाणी पाहिजे. तू समोर पाहत नुसतं म्हणायचास, "पानी." ना नाव, ना गाव. मी बोलता बोलता अंगठा लावायचो. माझी गोष्ट कितीही रंगात आलेली असो, तू मध्येच "पानी" म्हणायचास आणि मी गोष्ट न थांबवता दाबायचो. पुढेपुढे तू म्हणायच्या आधीच माझा अंगठा जायला लागला. तेव्हा तू म्हणायचास, "उगा नको मारू, बाटली रिकामी करशीन."

एकदाच संप केला होता. सालेकश्याला लग्नाला निघालो होतो आणि वाटेत मी तुझ्या घरच्या तांदळाबद्दल बोललो. म्हणालो, भात मोकळा होत नाही. तू पोवार, आणि पोवाराला त्याच्या तांदळाबद्दल असं बोलायचं नसतं हे मला तोवर कळायला हवं होतं. तू गाडी थांबवून म्हणालास, "उतर." मी उतरलो नाही, पण हाताची घडी घालून बसलो. मग तुडतुडे सुरू झाले. तू "पानी" म्हणेनास आणि मी दाबेना. काच हिरवीगार झाली तशी तू खिडकीतून मुंडकं बाहेर काढून गाडी हाकलीस. मांडवात पोचलो तेव्हा तुझ्या मिशांत तुडतुडे होते आणि नवरीकडच्या एका बाईनं चहाच्या आधी तुला तोंड धुवायला तांब्या दिला. तू चारचौघांत माझ्याकडे बोट दाखवून म्हणालास, "पानी द्याचं काम याचं होतं."

घाटावरून परतताना मला तुझ्या गावातल्या एका मुलाने मोटारसायकलवर मागे बसवलं. मिलजवळ कोंडा उडत होता. थोड्या वेळाने त्याने गाडी बाजूला घेतली आणि विचारलं, "काका, उतरायचं का? तुमी पाठीत बोट दाबून राहिले." मी म्हटलं, नाही, चाल.

विजेच्या पंपाचं भांडण आपलं जुनं. माझं सगळं आयुष्य पाण्याच्या मोटारी बांधण्यात गेलं. अर्ध्या तालुक्याच्या विहिरींतलं पाणी माझ्या गुंडाळलेल्या तारेवर वर येतं, आणि मी स्वतः तुझ्या गाडीत बसून अंगठ्यानं पाणी उपसतो, हे रस्त्यानं जाणाऱ्या गिऱ्हाइकांना काचेतून दिसायचं. मला लाज वाटायची. मी म्हणायचो, एवढीशी मोटर असते, मुठीत मावेल अशी, एक तार, एक स्विच, बस. तू कधी म्हणायचास बॅटरी खाते. कधी म्हणायचास मोटर जळते. कधी म्हणायचास, "तू माझ्या गाडीतबी गिऱ्हाईक पाहून राहिला काय बे?" मग मी जातीवर जायचो. म्हणायचो, आम्ही कोहळी, आमच्या पूर्वजांनी तलाव बांधले, पाणी कुठून कुठे जाईल हे आम्ही डोळ्यानं ओळखतो. तुम्ही माळव्यातून आलात आणि आयत्या तलावाखाली धान लावलंत. पाण्याचं मला सांगू नकोस. तू बिडी शिलगावून म्हणायचास, "तुमी पानी अडवून बसले होते नुसते. आमी आलो म्हनून कामाले आलं."

शेवटचं भांडण बाजाराच्या दिवशी झालं. ट्रॅक्टरमागे अडकलो होतो, काचेवर भुसकट होतं, माझा अंगठा दुखत होता. संधिवात आहे, डॉक्टरानं सांगितलं होतं. मी म्हणालो, या खेपेला लावूनच टाकतो पंप.

"मंग तू इथं बसून काय करशीन?"

"गप्पा मारीन."

"गप्पा त तू तसाई मारतच राहते. पानीच काय ते कामाचं येते तुझ्याकून."

मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात ट्रॅक्टर सरकला, तू हॉर्न मारलास आणि विषय वाहून गेला. मला उत्तर घरी गेल्यावर सुचलं. पुढच्या बाजाराला द्यायचं म्हणून जपून ठेवलं. अजून आहे माझ्याकडे. खरं सांगायचं तर फार चांगलं नाही, तू हसला नसतास.

आता वहिनींचं सांगतो. तेरवीचे पाहुणे पांगायला लागले होते. मी ओट्यावर बसलो होतो, काम काही नव्हतं, पण उठून गेलं तर बरं दिसणार नाही म्हणून. निर्मला वहिनी आतून आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "भाऊजी, ते पान्याचं बटन माझ्या बाजूले करून द्या."

त्यांना गाडी चालवता येते हे मी विसरलोच होतो. तूच शिकवली होतीस, तलावाच्या पाळीवर, एका अंगाला पाणी आणि एका अंगाला उतार. मी मागच्या सीटवर होतो आणि डोळे मिटून होतो, त्यामुळे त्या कशा चालवतात ते मला माहीत नाही. गोंदियाच्या पुढे कामठ्याला त्यांची आई अंथरुणावर आहे, तिला पाहायला तू दर आठवड्याला त्यांना न्यायचास हे मला माहीत होतं. त्या दिवशी मागची सीट त्यांची असायची आणि डावी माझी. कुणी विचारलं नव्हतं, कुणी ठरवलं नव्हतं.

मी म्हणालो, "कायले वहिनी? मी आहो ना. कामठ्याले जाचं असन त फोन करा. येतो मी, बसतो, पानी मारतो."

"नाई, भाऊजी."

मला वाटलं, लोक काय म्हणतील याची भीती आहे. म्हणालो, "लोकायचं काय, आपल्या वयाले कोनी..."

"लोकायचं नाई." त्या ओट्याच्या खांबाला टेकल्या. "सकाळपासून मानसं येऊन राहिले. कोनी रडते, कोनी मले रडवते, कोनी म्हनते जेवून घे. झोपतानी नणंद बाजूले. न्हानीतून निघाले का दारात कोनी उभं. गाडीत मले कोनी नाई पायजे. मायजवळ जातपर्यंत एवढा रस्ता तरी मले एकटीले पायजे." आणि माझ्याकडे नीट पाहून, "तुमी पन नाई."

तुझीच बायको. तू असंच बोलायचास, पुढे मऊ मागे मऊ काही नाही, मध्ये दगड.

मी "होय" म्हणालो. मग उठलो आणि ओट्याखाली चपला शोधायला लागलो. बराच वेळ शोधल्या. पायात होत्या.

कामाला मी लगेच लागलो असं समजू नकोस. आधी म्हणालो, सामान मिळत नाही. मग म्हणालो, दुकानात गर्दी आहे, रब्बीचे दिवस आहेत, लोकांच्या मोटारी पडल्यात. पडल्या होत्या, पण तुझ्या गाडीच्या पंपाला त्यांची आडकाठी नव्हती. वहिनी फोनवर प्रत्येक वेळी एवढंच म्हणायच्या, "बरं, मंग कधी?" भांडल्या असत्या तर मला चाललं असतं. तुझ्याशी भांडत कामं पुढे ढकलायची सवय आहे मला. "बरं, मंग कधी?" याला पुढे काही बोलता येत नाही.

शेवटी गोंदियाला गेलो. भंगारवाल्याने एका चेपलेल्या नव्या गाडीतून पंप काढून दिला आणि विचारलं, "कौन सी गाड़ी में डालोगे, चचा?"

"अँबॅसिडर में."

"उसमें ये डालोगे तो बाक़ी गाड़ी को शरम आएगी."

"आने दो. तुम पंप दो."

"ख़ुद की गाड़ी है?"

मी नाही म्हणालो. कुणाची विचारलं, तर मी म्हणालो, दोस्त की. "है" म्हणायचं की "थी" ते मी ठरवलं नाही, वाक्य तिथेच सोडलं. गोंदियात हिंदी बोलताना मी तसंही अर्धं वाक्य सोडतो, त्यामुळे त्याला काही वाटलं नाही.

आणि आता भोकांचं. पंप इतका देखणा होता, हिरा, आणि तुला तो दिसावा असं मला इतकं वाटत होतं, की मी तो बॉनेट उघडल्याबरोबर समोर दिसेल अशा जागी बसवला. वर, काचेच्या खालच्या पत्र्याला. पत्र्याला भोकं पाडून, क्लिप मारून, तारा अशा सरळ ओढल्या की तालुक्यात दुसरा कुणी ओढणार नाही. स्विच स्टिअरिंगच्या बाजूला, वहिनींच्या बोटाला लागेल असा. बाटली होती तिथेच खाली राहिली. तिच्यात नळी सोडली. सगळं झाल्यावर आत बसलो आणि स्विच दाबला.

मोटर मस्त गुणगुणली. पाणी आलं नाही.

फ्यूज पाहिला. तारा उलटसुलट करून पाहिल्या. काचेजवळच्या तोटीत सुई घालून फुंकलो, तर आतलं जुनं साचलेलं पाणी माझ्याच डोळ्यांत आलं. पुन्हा दाबला. गुणगुण. बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिलो आणि तेव्हा दिसलं. हा पंप पाणी ढकलतो, ओढत नाही. त्याच्यात आधी पाणी असावं लागतं, म्हणजे तो पाण्याच्या खाली असावा लागतो. मी त्याला पाण्याच्या हातभर वर टांगला होता. ज्या माणसाने दुकानात येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला सांगितलं की भाऊ, कोरडा पंप चालवू नका, आधी पाणी भरा, त्या माणसाने. ज्याच्या पूर्वजांनी नुसत्या डोळ्याच्या अंदाजाने पाण्याचा उतार काढला, त्या कोहळ्याने.

मी थांबलो.

म्हणजे खरोखर थांबलो, मान थोडी वर करून. माझ्याकडून असलं काही झालं की तुझ्याकडून काहीतरी यायचं. आधी नाकातून एक आवाज, मग बिडीचा झुरका, मग शिवी, मग माझ्या सात पिढ्यांचे तलाव एकेक करून फुटायचे. ते ऐकून झालं की चूक पुरी झाल्यासारखी वाटायची, मग मी तीच बाजारात चार लोकांना रंगवून सांगायचो. मी तिथे पाना धरून उभा होतो. अंगणात कोंबड्या होत्या.

मी आजवर एवढ्या चुका केल्या, पण एकटा ही पहिलीच केली.

मग पंप काढला, बाटलीच्या बुडाशी भोक पाडलं, रबर लावून तिथे बसवला. आता पाणी आपोआप त्याच्यात उतरतं. वरची भोकं तशीच राहिली आहेत. पावसाळ्यात त्यांतून पाणी आत येईल, एम-सील लावून देतो.

शेवटचं काम जुन्या बटनाची नळी काढायचं. डॅशबोर्डाखाली उताणा घुसलो, बटनामागे हात घातला आणि हाताला काहीतरी गुंडाळी लागली. टॉर्च मारला. नळी होती. पण मी बसवलेली ती पांढरी प्लास्टिकची नव्हती. काळी, रबराची, जाड, चांगल्यापैकी नवी. लांबचलांब, आणि लांब म्हणून वेटोळं करून सुतळीनं बांधलेली. सुतळी सोडली, नळी ओढून पाहिली. उजवीकडे स्टिअरिंगपर्यंत पोचून हातभर उरत होती.

मी तसाच पडून राहिलो. पाठीखाली तुझ्या गाडीची ती रबरी चटई, तोंडावर धूळ.

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. मी आतूनच विचारलं, "वहिनी, हिरानं ही नळी कधी बदलवली?"

"मले नाई माहीत. झाले असतीन वर्सं. का झालं?"

"काही नाई."

आता यावर तुझं-माझं भांडण व्हायला हवं होतं. मी म्हणालो असतो, बटन आपल्याकडे घ्यायला एवढी नळी होती तर घेतलं का नाहीस. तू म्हणाला असतास, मेकॅनिकनं जास्तीची आणली, कापायचा कंटाळा केला, मी कायले पाहू. आणि तसंच असेलही. तू आळशी होतास, हे मी तुझ्या तोंडावर म्हणत आलोय, तू गेलास म्हणून ते बदलत नाही. पण सुतळीची गाठ मेकॅनिकची नव्हती. धानाच्या पोत्याला तू मारायचास ती होती, आत वळवून खेचलेली, सोडताना माझं नख दुखलं.

माझ्या एका आखूड कापलेल्या नळीवर मला एवढी वर्षं बसायला सीट मिळाली. यापुढे मी काही म्हणत नाही. झोपलेला हात अजून झोपलेलाच आहे, तसाच असू दे.

नळी पुन्हा गुंडाळली, सुतळी बांधली. तुझ्यासारखी गाठ मला येत नाही, साधी मारली. बटन काढलं नाही. दाबलं तर दबतं, कशाला जोडलेलं नाही.

वहिनी आंघोळ करून, पातळ बदलून आल्या. त्यांना गाडीत बसवून स्विच दाखवला. त्यांनी दाबला. पंप जोरकस निघाला, पाणी काचेवरून, टपावरून, थेट मागे उभा होतो तिथे माझ्या डोक्यावर. वहिनींनी आरशात पाहिलं.

"भाऊजी, काच समोर आहे."

मी सुईनं तोटी खाली वाकवली. पुन्हा दाबला, नीट मधोमध पडलं. वायपर फिरले. मग मी फडकं घेऊन पूर्ण काच आतून बाहेरून पुसून दिली, कोपऱ्यांत बोट घालून. करायला दुसरं काही उरलं नव्हतं.

सवयीने मी डावीकडे गेलो आणि दार उघडलं. उघडल्यावर माझ्या लक्षात आलं. वहिनींच्याही आलं. त्यांनी मागच्या सीटवरची पिशवी उचलून माझ्याकडे दिली. आईसाठी नवे तांदूळ, तुझ्या धानाच्या बांधीतले, आणि लोणच्याची बरणी.

"एवढं तिथं ठेवता का? मागं घरंगळून राहिलं."

मी पिशवी सीटवर ठेवली. बरणी कलंडू नये म्हणून तांदळाच्या अंगाला दाबून बसवली. दार लावलं, नीट बसलं की नाही ते ओढून पाहिलं.

त्या चांगली चालवतात, हिरा. उगाच डोळे मिटून बसलो होतो मी. पाळीच्या चढावर दुसरा गिअर टाकला, हॉर्न दिला, वळणावर हळू केली. ऊन होतं. रस्ता रिकामा होता, ना ट्रक, ना धूळ. पुढे वळणावर गाडी आडवी दिसते तिथे मला दिसलं, काचेवर पाणी उडालं. वायपर फिरले. थांबले. पुन्हा पाणी उडालं. पुन्हा वायपर. गाडी झाडांमागे जाईपर्यंत त्या पाणी मारतच होत्या.

काच साफ होती. मीच पुसली होती.

बाटली लहान आहे, असं मारत गेल्या तर गोंदिया यायच्या आत संपेल. परत येईपर्यंत कोरडा पंप चालेल. फोन करून सांगावं असं आधी मनात आलं. नाही केला. तुमच्या विहिरीवरून बादलीभर पाणी काढलं, फडक्यातून गाळलं आणि गाडी उभी राहते त्या जागेजवळ ओट्यावर ठेवलं, बाटलीत ओतायला पेला शेजारी. वरून ताट झाकलं, कोंडा पडू नये म्हणून. मग गोरेगावची बस धरायला चालत निघालो.